प्रार्थनापत्रात जे लिहिले नाही

या वेळचे पत्र केनियातून आले आहे. पत्रलेखिका मूळच्या नाशिकच्या, शरणपूर परिसरातील ख्रिस्ती मंडळीत वाढलेल्या आणि शिक्षणाने परिचारिका आहेत. गेली अडीच वर्षे त्या पती आणि सात वर्षांच्या मुलासह किसुमू शहराजवळच्या एका खेड्यात राहून तेथील मिशनच्या दवाखान्यात काम करतात. पती तेथील तरुणांना सुतारकाम शिकवतात. त्यांना नाशिकच्याच काही मंडळ्यांनी मिळून पाच वर्षांच्या मुदतीवर पाठवले आहे. त्या लिहितात की सुरुवातीचा उत्साह पार आटला आहे, मुलाला तीनदा मलेरिया झाला, पतीशी बोलणे तुटक झाले आहे, आणि त्यातच नाशिकरोडला राहणाऱ्या आईचे खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली आहे. भावाचा निरोप आला आहे, “जगाची सेवा पुरे झाली, आता घरची कर.” पतीचे मत मुदत पूर्ण करण्याचे आहे. त्यांचे प्रश्न दोन आहेत: मन असे उडाले याचा अर्थ आपले पाचारणच, म्हणजे या सेवेसाठीचे देवाचे बोलावणेच, खोटे होते का, आणि आता परत यावे का.

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. तुम्ही पत्रासोबत गेल्या महिन्यात मंडळीला पाठवलेले प्रार्थनापत्रही जोडले आहे, हे फार बरे केलेत. ती दोन्ही पत्रे शेजारी ठेवून वाचली तर ती दोन निरनिराळ्या बायकांनी लिहिली आहेत असे कोणालाही वाटेल. प्रार्थनापत्रात दवाखान्यात येणाऱ्यांची संख्या वाढते आहे, मुले रविवारच्या शाळेला आनंदाने येत आहेत आणि “प्रभूच्या कृपेने आम्ही सर्व कुशल आहोत”. त्याच महिन्यात, तुमच्याच शब्दांत, तुम्ही चार रात्री मुलाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत जागून काढल्या, आणि पाचव्या दिवशी औषधाच्या खोलीत दार लावून रडलात. तुम्ही विचारलेले दोन प्रश्न महत्त्वाचे आहेतच, परंतु त्यांच्या आधी या दोन पत्रांमधील अंतराचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते तुमचे निम्मे दुखणे त्या अंतरात आहे.

तरीही आधी शरीराचे पाहू. तुम्ही स्वतः परिचारिका आहात, म्हणून हे सांगताना थोडा संकोच वाटतो. पण दुसऱ्यांची नाडी पाहणाऱ्यांना स्वतःची नाडी पाहायला सवड होत नाही, हा अनुभव नवा नाही. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचा हा प्रदेश केनियातील मलेरियाचा सर्वांत जास्त उपद्रव असलेल्या प्रदेशांपैकी आहे. मुलाच्या तापांविषयी तुम्ही सविस्तर लिहिलेत, स्वतःविषयी मात्र “मलाही एकदा होऊन गेला” एवढ्यावर भागवलेत. मलेरियानंतरचा अशक्तपणा आठवडेच्या आठवडे रेंगाळू शकतो, आणि त्याबरोबर मनही खचते. शिवाय तुम्ही प्रतिबंधासाठी आठवड्याची गोळी घेत असल्याचे लिहिले आहे, पण नाव दिलेले नाही. ती मेफ्लोक्विन असेल तर कृपया डॉक्टरांशी आजच बोला. या औषधाने काही जणांना भयंकर स्वप्ने पडतात, अस्वस्थता आणि खिन्नता येते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2013 मध्ये याबाबतचा इशारा अधिक कडक करून वेष्टनावर ठळकपणे छापायला लावला. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, बदलून घ्या. ज्या उदासीला तुम्ही विश्वासाची कमतरता समजत आहात तिचे मूळ काही अंशी औषधाच्या पाकिटात निघाले, तर त्यासाठी केलेला पश्चात्ताप वाया गेला म्हणायचा. आणि झोप, भूक व कामातील गोडी सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ गेलेली असेल, किंवा जगणे नकोसे वाटल्याचा विचार एकदाही आला असेल, तर या सदराच्या उत्तरावर विसंबू नका. मराठीत बोलणारे समुपदेशक व्हिडिओ कॉलवर मिळतात, आणि नाशिकमध्ये संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा तुमच्याकडे साडेचारच झालेले असतात, म्हणजे वेळेची अडचणही मोठी नाही.

ईजबेल राणीच्या भीतीने पळालेला संदेष्टा एलीया रानातल्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाण्याचा चंबू पुढे ठेवून “ऊठ, खा” म्हटले, आणि तो खाऊन पुन्हा झोपला तर झोपू दिले. ही कथा तुम्ही लहानपणापासून ऐकलेली आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये ती एलीयाच्या अपयशाची म्हणून जास्त सांगितली जाते, हे मला नेहमीच खटकते.

आता पाचारणाविषयी. कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात परदेशी राहणाऱ्यांच्या मनःस्थितीचे टप्पे मांडले. सुरुवातीला सर्वच नवलाईचे असते, नंतर चीड, एकटेपणा आणि घरच्या आठवणींचा काळ येतो, मग भाषा व माणसे हळूहळू कळू लागतात आणि शेवटी तो देश राहण्याजोगा होतो. प्रत्येकाचा प्रवास या क्रमाने होतोच असे नाही, आणि पुढील संशोधकांनी या मांडणीवर आक्षेपही घेतले आहेत. तथापि तुमच्या पत्रातील बारीकसारीक तक्रारी वाचून मला वाटले की तुम्ही दुसऱ्या टप्प्याच्या मध्यावर उभ्या आहात. तो टप्पा व्यापाऱ्यांना, राजदूतांना आणि शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांनाही चुकत नाही. फरक एवढाच की त्यांच्यापैकी कोणी आपल्या चिडचिडीवरून ईश्वराने आपल्याला खरोखर बोलावले होते की नाही याची परीक्षा घेत बसत नाही.

तुमच्या वाट्याला आलेला हा टप्पा अधिक कठीण का आहे, त्याची कारणे तुमच्याच पत्रात आहेत. तुम्ही वर्षभर खपून स्वाहिली शिकलात, आणि दवाखान्यात येणाऱ्या आज्या त्या भागातील लुओ भाषेखेरीज काही बोलत नाहीत असे निघाले. म्हणजे पुन्हा बाराखडीपासून सुरुवात. दुसरे असे की केनियात गोरा मिशनरी आला तर तो मिशनरी आहे हे लोक न सांगता समजतात. भारतीय माणूस दिसला की मात्र तो दुकानदार असणार असे गृहीत धरले जाते, कारण 1896 नंतर मोंबासापासून आतल्या भागात रेल्वे टाकायला तीस हजारांहून अधिक भारतीय मजूर नेले गेले, 1901 मध्ये ती रेल्वे तुमच्या किसुमूच्या काठाला पोहोचली, आणि त्या मार्गावर उभी राहिलेली भारतीयांची दुकाने तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले आहेत. म्हणून बाजारात तुम्हाला ‘मुहिंदी’, म्हणजे भारतीय, म्हणून टोमॅटोचा भाव चढा सांगतात, आणि दवाखान्यात एखादा नातेवाईक तुम्हालाच विचारतो की तुमचे दुकान कुठे आहे. तुम्हाला हा अपमान वाटला. मला तो जुन्या इतिहासाचा हिशेब वाटतो, आणि तो तुमच्या नावावर नाही. तरीही रोज रोज तो चुकता करावा लागणे थकवणारे असते, हे मी मान्य करतो.

तुमच्या पत्रात दोन प्रसंग तुम्ही जाता जाता लिहून गेलात. नाताळात शेजारच्या घरी सणाचा पदार्थ म्हणून चपात्या लाटल्या जात होत्या, तेव्हा तुम्हाला घरच्या करंज्या आणि अनारशांची आठवण होऊन रडू आले. आणि ते पाहून त्या घरच्या बाईने काही न विचारता लाटणे तुमच्या हातात दिले, कारण तुमच्या चपात्या गोल होतात हे तिला ठाऊक होते. दुसरा प्रसंग मुलाच्या तिसऱ्या तापाचा. रात्री शेजारच्या तीन बायका येऊन ओट्यावर बसल्या, फारसे बोलल्या नाहीत, आणि पहाटे ताप उतरल्यावर उठून गेल्या. भगिनी, लुओ लोकांमध्ये दुःखाच्या घरी जाऊन बसणे, मयतीला दिवसेंदिवस थांबणे याला केवढे मोल आहे ते तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता. परक्या दुकानदाराच्या ओट्यावर कोणी रात्र काढत नाही. प्रार्थनापत्रात तुम्ही या दोन्ही प्रसंगांना जागा दिली नाही; तेथे रुग्णांची संख्या दिली.

ती संख्या तुम्हाला का द्यावीशी वाटते, याचे कारण मी नाशिकमध्ये शोधतो, आणि तुमच्या मंडळीतील जे लोक हे सदर वाचतात त्यांनीही पुढचे जरा लक्षपूर्वक वाचावे. आपल्याकडे मिशनरी म्हणजे समुद्रापलीकडून इकडे आलेला माणूस, ही समजूत पक्की आहे. 1813 मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल 1826 च्या मार्चमध्ये नाशिकला आले, येथे पटकीची साथ जोरात होती, औषधे आणि पुस्तके वाटून परत निघाले आणि वाटेत एका खेड्यातील देवळाच्या ओवरीत पटकीनेच गेले. पत्नी आणि मुलगे त्याआधीच्या वर्षी प्रकृतीच्या कारणाने अमेरिकेकडे रवाना झाले होते. अशा कथा ऐकत वाढलेल्या मंडळीला आपला मिशनरी झिजून, आजारी पडून, शक्यतो हसतमुखाने काम करताना दिसावा असे नकळत वाटू लागते. मिशनरी पाठवणे, त्याला सांभाळणे, त्याची रजा, त्याचे वैद्यकीय खर्च, त्याची मागे राहिलेली आई, या गोष्टींची सवय आपल्याला नाही.

वास्तविक शरणपूरला तरी ती असायला हवी होती. चर्च मिशनरी सोसायटीने 1850 च्या दशकात वसवलेल्या या वसाहतीत, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले आणून वाढवली गेली. त्यांना येथे अक्षरओळख, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवले गेले. 1866 मध्ये मिशनरी आणि प्रवासी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या मोहिमेवर निघाले तेव्हा त्यांच्यासोबत नाशिकच्या शाळेतील नऊ तरुण होते, आणि 1874 मध्ये त्यांच्या पार्थिवासोबत इंग्लंडपर्यंत जाऊन वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये खांदा देणाऱ्यांत उभा राहिलेला जेकब वेनराइट हाही नाशिकलाच शिकलेला. पुढच्याच वर्षी मोंबासाजवळ फ्रिअरटाऊनची वसाहत झाली ती नाशिकहून गेलेल्या माणसांच्या बळावर. त्यांच्यापैकी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना 1885 मध्ये धर्मसेवेची दीक्षा मिळाली. आणि ही सर्व माणसे जन्मभूमीच्या किनाऱ्यावर परतूनही तेथे ‘मुंबईवाले’ म्हणूनच ओळखली गेली. वागणे, कपडे आणि बोलणे यांमुळे ती तिथल्यांना परकी, आणि गोऱ्या वरिष्ठांच्या लेखी दुय्यम. तुम्ही ज्या देशात ‘मुहिंदी’ म्हणवून घेत आहात त्याच देशात, तुमच्याच वस्तीतून गेलेली माणसे दीडशे वर्षांपूर्वी याच अवघडलेपणातून गेली होती. पुढच्या प्रार्थनापत्रात मंडळीला हे लिहिलेत तर निदान काही जणांचे डोळे उघडतील.

तर ते पत्र कसे लिहावे, याविषयी थोडे. मी तुम्हाला सर्व रडगाणे सर्वांसमोर मांडायला सांगत नाही. पतीशी झालेले भांडण चारशे लोकांच्या प्रार्थनासभेत वाचले जावे असे कोणालाही वाटणार नाही. दोन पत्रे करा. एक पाळक आणि तुमचा विश्वास असलेल्या तीन-चार जणांसाठी, ज्यात आजार, पैसा, झोप, दुरावा, सर्व काही स्पष्ट लिहिलेले असेल आणि ते मोठ्याने वाचायचे नाही हेही वर लिहिलेले असेल. दुसरे सर्वांसाठी; त्यात कमी लिहा, पण जे लिहाल ते खरे असू द्या. “या महिन्यात मुलगा आजारी होता, मी फार थकले, दवाखान्यात काही विशेष घडले नाही, शेजारणी रात्रभर आमच्याजवळ बसल्या.” एवढे पुरे. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना आशियात आपण जगण्याचीही आशा सोडली होती हे लपवले नाही, उलट ते त्यांना कळावे म्हणूनच लिहिले आणि त्यांच्याकडे प्रार्थनेचे साहाय्य मागितले. आणि कोणी विचारलेच की अडीच वर्षांत फळ काय, तर तुमच्या मंडळीत दिंडोरी-निफाडकडचे द्राक्षबागायतदार आहेतच, त्यांना आठवण करून द्या: एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेत कोणी घड मोजायला जात नाही, तेव्हा काडी तयार होत असते, आणि ऑक्टोबरची छाटणी त्या काडीच्या भरवशावर होते.

पतीविषयी तुम्ही जरा कडक लिहिले आहे. “त्यांना काहीच जाणवत नाही,” हे तुमचे वाक्य. मला वाटते त्यांच्या कामाचे स्वरूप निराळे आहे. सोमवारी घेतलेली फळी शुक्रवारी बाक होऊन बाहेर पडते, शिकणारा मुलगा स्वतः केलेला स्टूल डोक्यावर घेऊन घरी जातो आणि वाटेत चारचौघे त्याचे कौतुक करतात. तुमच्याकडे मात्र बाळंतीण उशिरा पोहोचते, औषध संपलेले असते, आणि जी बरी होते ती पुन्हा दिसत नाही. एकाच छपराखाली राहूनही तुम्हा दोघांच्या वाट्याला दोन वेगळे केनिया आले आहेत. त्यांनी एक संपूर्ण दिवस तुमच्या दवाखान्यात काढावा, केवळ बाकावर बसून. वादावादीपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. आणि मुदतीचा विषय त्या दिवशी काढू नका.

आता आई. येथे मी गोलमाल बोलणार नाही: तुम्ही यावे. पण राजीनामा देऊन नव्हे, रजा घेऊन. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन महिने महत्त्वाचे असतात. आई पुन्हा आपल्या पायांवर उभी राहणार की अंथरुणाला खिळणार हे बरेचसे त्या काळातील व्यायामावर आणि तिच्या उमेदीवर ठरते, आणि लेक परिचारिका असताना ती उमेद कोण वाढवणार? नैरोबीहून मुंबईचा थेट विमानप्रवास सुमारे सहा तासांचा आहे, पुढे कसारा घाट चढून नाशिक. सहा आठवड्यांची रजा मागा. मुलगा सोबत येऊ दे, पतींनी हवे तर तेथेच थांबावे. निघण्यापूर्वी तुमच्या धर्मसेवेच्या परवान्याची आणि मुलाच्या पासची मुदत तपासून घ्या, नाहीतर परतीच्या वेळी विनाकारण खेटे पडतील.

भावाच्या वाक्याने तुम्हाला जखम झाली आहे, पण गेले दोन महिने आईचे बेडपॅन, ब्युरोची बाई न आल्यास सुट्टी, दवाखान्याच्या फायली आणि रात्रीच्या उठाबशा हे सर्व तो आणि तुमची वहिनी करत आहेत. त्याचे बोलणे लागले तरी त्यामागचा थकवा तुमच्याच थकव्याच्या जातीचा आहे. आल्यावर पहिल्या दिवशी आपली बाजू मांडण्याऐवजी त्या दोघांना चार दिवस कुठेतरी पाठवून द्या. परत गेल्यावरही फिजिओथेरपिस्टच्या वेळा ठरवणे, ब्युरोशी बोलणे, औषधांचा हिशेब ठेवणे ही कामे फोनवरून करता येतात. ती तुमच्याकडे घ्या आणि पैशांचा वाटाही तुमच्या मानधनातून झेपेल तेवढा, पण ठरलेल्या तारखेला पाठवा.

मुलगा मराठी वाचायला विसरला याची काळजी आत्ता करू नका. आजीच्या उशाशी सहा आठवडे बसून तो बरेच परत मिळवील.

कायमचे परतण्याचा निर्णय या रजेच्या पहिल्या महिन्यात घेऊ नका, आणि कोणी घ्यायला लावला तरी नको म्हणा. झोप पूर्ण झाल्यावर, आई काठी घेऊन चालू लागल्यावर, पतीसमवेत बसून ठरवा, आणि त्यासाठी तारीख आधीच ठरवून ठेवा म्हणजे रोज तोच विषय निघणार नाही. तेव्हाही परतावेसे वाटले तर निःसंकोच परता. पौलाचा सोबती योहान मार्क पहिल्याच दौऱ्यात पंफुल्यातून घरी निघून गेला, त्यावरून पुढे पौल आणि बर्णबा यांच्यात कडाक्याचे भांडण होऊन दोघे वेगळे झाले. आणि त्याच मार्काला म्हातारपणी पौलाने तुरुंगातून बोलावणे पाठवले, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे म्हणून. मधल्या वर्षांत मार्क काय करत होता हे शास्त्रात फारसे सांगितलेले नाही, आणि कोणी त्याच्याकडून मासिक अहवाल मागितल्याचाही उल्लेख नाही.

शेवटची एक व्यावहारिक सूचना. तुम्ही येत असल्याचे कळताच मंडळ्यांकडून आमंत्रणे येतील. शरणपूरला एका रविवारी साक्ष, नाशिकरोडला महिला मंडळाची सभा, देवळालीला फोटो दाखवण्याचा कार्यक्रम, आणि प्रत्येक ठिकाणी नंतर जेवण. पहिल्या तीन आठवड्यांत यांतील एकही स्वीकारू नका. आमच्या पाळकांना काय वाटेल, असे तुम्ही लगेच लिहाल हे मला ठाऊक आहे. हे उत्तर त्यांना दाखवा, आणि त्यांना काही वाटलेच तर त्यांनी मला लिहावे.